तुरीच्या पानाला गोल काप? पंप उचलण्याआधी माशी ओळखा

बांधावरच्या तुरीची पाने कातरलेली दिसली की पेठ वडगाव भागातला शेतकरी हमखास विचारतो, “साहेब, अळी पडली, कुठलं औषध मारू?” आधी पान नीट बघा. अळीने खाल्लेले पान वेडेवाकडे असते, जवळपास विष्ठा सापडते. काप कात्रीने घेतल्यागत गोल असेल, अळी नसेल, तर ते काम पानकापी माशीचे. ती पान खात नाही. लांबट तुकडे घराच्या भिंतीला, गोल तुकडे झाकणाला. आत पराग-मधाचा गोळा, त्यावर एक अंडे. पोळे नाही, राणी नाही. मादी एकटीच सारा संसार करते. तुरीचे फूल उघडून पराग फिरवणाऱ्यांत हीच पुढे असते. तिच्यावर औषध मारणे म्हणजे पदरचे पैसे घालून शेंगा कमी करणे.

आपल्याकडे अशा साऱ्या माश्या ‘भुंगा’ या एकाच नावात जातात. पराग कुठे चिकटलाय ते बघा. पोटाखाली असेल तर ती पानकापीच्या कुळातली (मेगाकाईल), मागच्या पायांवर असेल तर दुसरी. पण या कुळातल्या सगळ्याच पाने कापत नाहीत. मेगाकाईल लॅनाटा भिंतीच्या भोकात मातीचे घर करते. तिच्या छातीवर तांबूस केस, काळ्या पोटावर पांढरे बारीक पट्टे. जवळच्या दोन जाती वेगळ्या काढताना जाणकार भिंगाखाली मादीच्या जबड्याचे दात बघतात. नुसत्या रंगावर गेलात तर फसाल. लाकूड पोखरणाऱ्या झायलोकोपा एस्टुअन्सची मादी काळी, छाती तेवढी पिवळी. नर मात्र सगळाच पिवळसर. दोन जाती वाटतात, आहे जोडपे! शंका आली तर मिशीचे पेर मोजा : मादीला १२, नराला १३.

वांगी करणाऱ्यांनी निळ्या पट्ट्यांची अमेगिला ओळखावी. वांग्याचा पराग टोकाच्या बारीक छिद्रातून पडतो. ही फूल धरून अंग थरथरवते आणि पराग झाडते. पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही. तिचे बीळ मातीत असते, तेव्हा दरडी, जुन्या मातीच्या भिंती सरसकट पाडू नका. फुलोऱ्यात फवारणी अगदीच टळत नसेल तर उन्हं उतरल्यावर करा.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही आली. सरपंच, ग्रामसेवकांनी तिथे नुसते ‘भुंगे, माश्या’ लिहून पान उलटू नये. मेलेली माशी सापडली तर काडेपेटीत कापसावर ठेवा, सोबत चिठ्ठी : गाव, तारीख, कोणत्या फुलावर. चिठ्ठी नसेल तर तज्ज्ञालाही त्या माशीचा फारसा उपयोग होत नाही.