भिवंडीच्या मोहल्ला समित्या : साहेब बदलले, बैठक राहिली

वळमध्ये येऊन शहराच्या कारभारावर बोलायचं म्हणजे आधी थोडा खुलासा हवा. वळ हे भिवंडी महापालिकेत येत नाही. कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन एमएमआरडीएचं, आणि गोदामांतला माल मात्र साऱ्या मुंबईचा. येताना ट्रकांच्या रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो, तेव्हा हाच विचार चालला होता की हे गाव आहे की शहर? ते आत्ता बाजूला ठेवू. शेवटी त्याच्याकडे यावंच लागेल.

नेतृत्व म्हटलं की आपल्यासमोर एक चेहरा उभा राहतो. कडक आयुक्त, रस्तारुंदीला स्वतः उभा राहणारा. आणि नवा प्रयोग म्हटलं की हल्ली अ‍ॅप दिसतं, भिंतभर पडदे लावलेली कंट्रोल रूम दिसते. तुमच्या शेजारच्या भिवंडीत एक प्रयोग झाला त्यात यातलं काही नव्हतं. नवा कायदा लागला नाही, नवी इमारत लागली नाही. आमच्या मते महाराष्ट्रातल्या शहर-कारभारातला तो फार मोलाचा प्रयोग आहे, आणि तो केला पोलीस खात्याने, महापालिकेने नव्हे.

मागची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून भिवंडीत दंगल पेटली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४मध्ये पुन्हा दंगल झाली, आणि ती भिवंडीत थांबली नाही, ठाणे-मुंबईपर्यंत गेली. आता १९९२ घ्या. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत होती. सगळ्यांचे डोळे भिवंडीकडे होते. भिवंडी शांत राहिली.

का राहिली? एक उत्तर लगेच दिलं जातं : यंत्रमागाचं गाव आहे, सगळ्यांचं पोट एकमेकांवर अवलंबून. सूत एकाकडून, माग दुसऱ्याचा, चालवणारा तिसरा, कापड विकणारा चौथा; आणि हे चौघे एका धर्माचे, एका भाषेचे नसतात. म्हणून कोणाला दंगल परवडत नाही. ऐकायला छान वाटतं. पण अहो, ही गुंतागुंत १९८४मध्येही होतीच की! तेव्हा पोटाने दंगल थांबवली नाही. मग १९८४ आणि १९९२ यांच्या मध्ये काय बदललं, ते शोधलं पाहिजे.

१९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. तोवर रीत अशी होती की तणाव दिसला की शांतता समितीची बैठक बोलवायची. आठ-दहा प्रतिष्ठित यायचे, चहा व्हायचा, आवाहन निघायचं. यातली अडचण उघड आहे. आग लागल्यावर विहीर खणायला घेतल्यासारखंच हे. शिवाय प्रतिष्ठित माणूस आपल्या गल्लीतल्या पोराला ओळखतोच असं नाही, आणि कित्येकदा त्याचा स्वतःचाही काही हिशेब असतो.

खोपडे यांनी शहर मोहल्ल्यांत वाटलं आणि ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं, तीही गल्लीतली साधी माणसं. सगळं शांत असतानाही बैठक घ्यायची. आणि त्या त्या मोहल्ल्यासाठी ठरलेला पोलीस. ही शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एरवी हवालदार म्हणजे बंदोबस्ताचा माणूस, नेतील तिथे उभा राहणारा. इथे त्याला एक जागा मिळाली, लोकांची नावं ठाऊक झाली, आणि लोकांना त्याचं. अफवा आली की विचारायचं कोणाला, हे आधीच ठरलेलं होतं.

विश्वास ही मनातली भावना आहे असं आपण समजतो. तत्त्वज्ञान शिकवताना आम्हीही बरीच वर्षं तसंच शिकवलं, हे कबूल केलं पाहिजे. पण भिवंडीकडे पाहिलं तर विश्वास ही सवय वाटते. नळाच्या भांडणावर, लाउडस्पीकरवर, गटारावर बोलायला जी माणसं महिनोन्‌महिने एका सतरंजीवर बसली, त्यांना ६ डिसेंबरला नव्याने ओळख करून घ्यावी लागली नाही. अ‍ॅरिस्टॉटल सद्‌गुणाबद्दल हेच म्हणतो, की न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो. हाना आरेन्ट आणखी एक भेद करते : ताकद एकट्याची असू शकते, सत्ता मात्र माणसं एकत्र येतात तेव्हाच जन्मते आणि पांगली की संपते.

आता खरी परीक्षा. डिसेंबर १९९२मध्ये खोपडे भिवंडीत नव्हते. त्यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी समित्या मोडल्या नाहीत, चालू ठेवल्या. आपल्याकडे नवा साहेब आला की जुन्या साहेबांची फाईल कपाटात जाते. इथे तसं झालं नाही. श्रेय द्यायचं तर सुरू करणाऱ्याला द्याच, पण दुसऱ्याचं काम आपलं न म्हणवता पुढे नेणाऱ्याला थोडं जास्त द्या. दंगलीनंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचं काम उभं राहिलं. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संबंधांवरच्या २००२च्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली.

इथेच थांबलो तर ती आरती होईल. ५ जुलै २००६ला याच शहरात कोटरगेट भागात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. जागा कब्रस्तानाची आहे असा एका बाजूचा दावा होता. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली, आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. या प्रसंगाकडे डोळे मिटून मोहल्ला समितीचं कौतुक करता येत नाही. त्या रचनेत एक गोष्ट गृहीत होती : भांडण दोन समाजांत, आणि पोलीस मधला. पण पोलीसच वादाचा एक पक्ष असेल तर सतरंजी कोणी अंथरायची? महापालिकेने? तिच्याकडे तर लोक रस्ता आणि पाणी यांपलीकडे कशासाठी जातच नाहीत. मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्या ७४व्या घटनादुरुस्तीने आणल्या, पण त्यात मुख्यतः नगरसेवकच बसतात. गल्लीतला माणूस पुन्हा बाहेरच.

आणि आता वळ. तुमच्याकडे ग्रामसभा आहे. २००७पासून तंटामुक्ती समितीही आली, ती ग्रामसभाच निवडते. पण ग्रामसभेत बसतो तो इथला मतदार. गोदामात माल चढवणारा-उतरवणारा बहुधा बाहेरून आलेला, त्याचं नाव कुठल्या तरी दूरच्या गावच्या यादीत. ट्रकवाला रात्री येऊन पहाटे जातो. गोदामाचा मालक मुंबईत. उद्या रस्त्यावरच्या अपघातावरून, पार्किंगवरून काही झालं, अफवा उठली, तर यातला कोण कोणाला नावाने हाक मारेल? भिवंडीत निदान मोहल्ला होता. इथे बैठकीला कोणाकोणाला बोलवायचं, हीच यादी आधी करावी लागेल. सभेत सरपंच आहेत, दोन-तीन गोदामांचे व्यवस्थापकही दिसतात. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करू.