चेर्नोबिलचा ढग आणि गोठ्यातलं दूध

शेतकरी बंधूंनो, अणुभट्टीचा अपघात म्हटला की डोळ्यांसमोर स्फोट आणि आग येते. पण आग विझल्यावरही झळ बसत राहते ती गोठ्याला, हे ठाऊक आहे का?

२६ एप्रिल १९८६ रोजी, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल वीजकेंद्रात रात्री दीडच्या सुमारास चौथ्या भट्टीचा स्फोट झाला. चाचणी चालू होती, भट्टीच्या रचनेत दोष होता आणि नियमही धाब्यावर बसवले होते. पुढे दहा दिवस किरणोत्सर्गी द्रव्ये हवेत मिसळत राहिली. त्या वर्षात एक लाखाहून अधिक माणसांना घरदार सोडावं लागलं.

ढगाला शीव नसते. जिथं पाऊस झाला तिथं ही द्रव्ये गवतावर उतरली. गवत गाईनं खाल्लं आणि आयोडीन १३१ दुधात आलं. पोटात गेलं की ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठतं. लहान मुलांना धोका जास्त. खरं तर ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं. दोन-तीन महिने ते दूध बंद ठेवलं असतं तर पुष्कळ टळलं असतं. पण अनेक खेड्यांत वेळेवर कुणी सांगितलंच नाही. पोरं दूध पीत राहिली. २००५ पर्यंत त्या वेळच्या मुलांमध्ये थायरॉईड कर्करोगाचे सहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या अनेकांच्या दुखण्याचं मूळ त्या दुधात होतं.

याउलट १९५७ साली इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून देण्यात आलं. शेतकऱ्यांना भरपाईही मिळाली.

सिझियम १३७ मात्र चिवट. ते निम्मं व्हायलाच ३० वर्षे लागतात. चेर्नोबिलहून दूर असलेल्या वेल्समधल्या डोंगराळ कुरणांत मेंढ्यांच्या विक्रीवरची बंधनं २०१२ साली उठली, म्हणजे २६ वर्षांनी! चिकणमाती सिझियम धरून ठेवते, पण कुजकट दलदली जमिनीतून ते गवतात चढतच राहतं. पीक त्याला पालाशासारखंच उचलतं. म्हणून तिकडे पालाश खत जास्त घालणं, खोल नांगरट करणं असे उपाय झाले.

आणि हे आपल्यापासून लांब आहे असंही नाही. अपघातानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्याबद्दल शंका निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तीन तज्ज्ञांच्या समितीनं लोणी खाण्यास सुरक्षित ठरवलं, तेव्हा १९८८ मध्ये वाद मिटला. आपल्या तारापूरलाही १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि दूध संस्थेचे सचिव, तुम्हांला एकच सांगणं. असा प्रसंग कधी न येवो. पण आलाच आणि वरून इशारा मिळाला, तर तो फायलीत ठेवू नका. त्याच दिवशी दवंडी द्या. जनावरं रानात सोडू नका, झाकलेला कोरडा चारा घाला, तपासणी होईपर्यंत पोरांना ते दूध देऊ नका, हे साध्या शब्दांत सांगा. ओतलेल्या दुधाचा पंचनामा मागाहून करता येईल, भरपाईही मागता येईल. पोराच्या गळ्याचं दुखणं मात्र भरपाईनं परत जात नाही.