हिंगोलीची दोन टपाले आणि रजिस्टर लाखोटा

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेले हिंगोली हे गाव एकोणिसाव्या शतकात दोन सत्तांच्या छायेखाली नांदत होते. मुलूख निजामाचा, म्हणून महसूल, कचेरी आणि करोडगिरी ही सारी निजाम सरकारची. परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी येथे असल्यामुळे, गावाला लागूनच दुसऱ्याच एका राज्यव्यवस्थेचे ठाणे पडले होते. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली आणि छावणीचे वैभव ओसरले; पण तोवर या दुहेरी संसाराचा अनुभव सामान्य रयतेला जितका टपालाच्या पेटीपाशी आला, तितका तो क्वचितच अन्यत्र कोठे आला असेल.

निजामाचे टपाल स्वतंत्र होते आणि त्याची तिकिटेही स्वतंत्र होती. पहिले तिकीट १८६९ साली निघाले, आणि १८७१ पासून जी मालिका सुरू झाली ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. या मालिकेतील तिकिटावर फारसी अक्षरांच्या बरोबरीने इंग्रजी, तेलुगू आणि मराठीतही किंमत छापलेली असे. ज्या राज्याचा कारभार फारसीत व पुढे उर्दूत चालला, त्या राज्याने आपल्या मराठी प्रजेच्या लिपीला निदान तिकिटाच्या एका कडेस जागा दिली, याची नोंद मराठवाड्याच्या इतिहासात मला महत्त्वाची वाटते. तथापि हे तिकीट निजामाच्या हाली सिक्क्याच्या नाण्यात मोजलेले, आणि त्याचा अंमल राज्याच्या सीमेपुरताच. ग्वाल्हेर, पतियाळा आदी संस्थानांनी इंग्रज सरकारशी टपालाचा करार केल्यामुळे त्यांची तिकिटे इंग्रजी मुलखातही चालत. हैदराबादचा तसा करार नव्हता. हिंगोलीहून वाशीम एका दिवसाच्या मजलेचे गाव. पण वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात गेलेला, म्हणून निजामाचे तिकीट लावून वाशीमच्या सोयऱ्याला पाठविलेल्या पत्राचे पुढील हशील पैनगंगेपलीकडे घेणाऱ्याच्या माथी बसे, आणि पत्र बैरंग आले म्हणून ते न स्वीकारण्याचा मोह त्यास होणे स्वाभाविकच होते.

आता त्याच हिंगोलीतील छावणीच्या टपालघराकडे पाहा. तेथे हिंदुस्थान सरकारची तिकिटे चालत, आणि हिंदुस्थान सरकार १ जुलै १८७६ रोजी एका अशा मंडळात दाखल झाले होते, की ज्याच्या लेखी देशोदेशींच्या सीमा टपालापुरत्या पुसल्या गेल्या होत्या. जर्मनीच्या टपालखात्याचे प्रमुख हाइन्रिख फॉन श्टेफान यांच्या प्रेरणेने ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ राष्ट्रांनी करार केला आणि चार वर्षांनी त्या संघास विश्व टपाल संघ हे नाव मिळाले. तत्पूर्वी विलायतेस पत्र धाडावयाचे तर मार्ग कोणता, मध्ये कोणकोणत्या देशांचा मुलूख लागतो आणि प्रत्येकाचा वाटा किती, याचा हिशेब करावा लागे. इंग्लंडच्या टपालासाठी १८६७ साली सहा आणे आठ पै अशा विचित्र किमतीचे तिकीट काढण्याची पाळी हिंदुस्थान सरकारवर आली होती. संघाने ठरविले ते असे, की सर्व सभासद राष्ट्रे मिळून टपालाचा एकच प्रदेश मानावा, हशील सर्वत्र जवळपास सारखे असावे आणि ज्या देशाने ते घेतले त्यानेच ते ठेवावे, कारण पत्र लिहिणाऱ्यास बहुधा उत्तर येतेच आणि देणेघेणे आपोआप फिटते. पुढे ठरलेले हशील अडीच आणे. आणि २५ डिसेंबर १८९८ पासून ब्रिटिश साम्राज्यातील पुष्कळशा भागांसाठी ते केवळ एक आणा झाले. याप्रमाणे छावणी आणि लंडन ही एकाच टपालमुलखात आली, आणि गावाला वाशीम मात्र परमुलखात राहिले!

परंतु या व्यवस्थेचा खरा कस लागतो तो रजिस्टर पत्रात. साधे पत्र पेटीत पडले की त्याचा धनी कोणी नसतो. रजिस्टर पत्राचा धनी प्रत्येक टप्प्यावर नावानिशी ठरलेला असतो. खिडकीवर लाखोटा तोलून घ्यावयाचा, लाखेच्या मोहरा शाबूत आहेत की नाहीत ते न्याहाळावयाचे, वर निळ्या पेन्सिलीच्या आडव्याउभ्या रेघा ओढून तो इतर पत्रांपासून वेगळा करावयाचा, वहीत क्रमांक घालून पाठविणाऱ्याच्या हाती पावती द्यावयाची. मग यादीसह थैली बंद करावयाची आणि ती उघडणाऱ्याने यादीशी ताळा घेऊन सही करावयाची. विलायतेचे टपाल असेल तर हीच साखळी मुंबईच्या बंदरात न तुटता पुढे आगबोटीवर जाई, कारण १८६८ पासून पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर फिरते टपालघर असे आणि तेथील कारकून समुद्रावरच थैल्या फोडून टपालाची वाटणी करीत. या जोखमीबद्दल हिंदुस्थानात दोन आणे जादा पडत. आणि परदेशी रजिस्टर पत्र गहाळ झाल्यास पन्नास फ्रँक भरपाई द्यावी, असे संघाचे बंधन होते. पत्रावर रोमन आर अक्षराची चिठ्ठी डकविण्याचा प्रघातही या संघामुळेच देशोदेशी पसरला, त्यामुळे परक्या भाषेतील पत्ता न वाचता येणाऱ्या कारकुनालाही हे जोखमीचे टपाल आहे एवढे तत्काळ कळे.

व्यापाऱ्यांनी या साखळीचा उपयोग मोठ्या कल्पकतेने केला. सरकारी नोट मधोमध कापावयाची, एक अर्धा आज रजिस्टर करावयाचा, त्याची पोहोच आली म्हणजे दुसरा अर्धा धाडावयाचा, असा रिवाज हिंदुस्थानात दीर्घकाळ होता. वाटेत लाखोटा कोणी लांबविला तरी अर्ध्या नोटेचे तो करणार काय? हिंगोलीसारख्या कापसाच्या पेठेत, जेथे निजामाचे हाली आणि इंग्रजांचे कलदार अशी दोन नाणी शेजारी शेजारी खेळत, तेथे कागदावर सही घेऊन हातोहात जाणाऱ्या रकमेची निकड निराळी सांगावयास नको.

१९१२ साली पूर्णा-हिंगोली लोहमार्ग सुरू झाला, आणि आगगाडीसाठी अकोल्याच्या स्टेशनाकडे डोळे लावून बसण्याचे दिवस सरले. निजामाची तिकिटेही पालटली. १९३१ च्या मालिकेत आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आणि रुपयावर दौलताबाद आले. दोन टपालांचा हा संसार अखेर १९५० साली, हैदराबादचे टपालखाते भारतीय टपालात मिळाले तेव्हा संपला.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांतील जुन्या वाड्यांच्या दप्तरांत असे लाखोटे अद्याप निघतात. घरातील मुले त्यांवरील तिकीट कातरून वहीत चिकटवितात आणि पाकीट फेकून देतात, हे थांबविले पाहिजे. पत्र कोणत्या गावी कोणत्या तारखेस पोहोचले त्याचे शिक्के बहुधा पाठीमागच्या बाजूस असतात, रजिस्टरचा क्रमांक पुढील बाजूस असतो. तिकीट एकदा कातरले की त्यावरील अर्धा शिक्का आणि पाकिटावरील अर्धा शिक्का पुन्हा कधी जुळत नाही. असे पाकीट सापडल्यास ते आहे तसेच कोरड्या कागदात ठेवावे, आत पत्र असेल तर तेही त्यातच राहू द्यावे आणि कुटुंबातील वडीलधाऱ्यांना विचारून पाठविणारा कोण व मजकूर कशाचा, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावे.