औषधाची मात्रा आणि आनुवंशिकता

औषधाची मात्रा रोग्याचे वय, वजन व प्रकृती पाहून ठरवावी, हे वैद्यकाचे जुने तत्त्व आहे. यांपैकी वय व वजन सहज मोजता येतात. प्रकृती मात्र दीर्घकाळ अनुमानाचाच विषय राहिली. या अनुमानाच्या जागी मोजमाप आणू पाहणाऱ्या विज्ञानशाखेस औषध-आनुवंशिकी असे म्हणतात. कर्करोगाच्या उपचारात तिचे महत्त्व विशेष आहे. कर्करोगावरील पुष्कळशी औषधे विषासमान असतात. मात्रा कमी पडली तर रोग शिल्लक राहतो आणि अधिक झाली तर निरोगी पेशींचाही नाश होतो.

चेन्नई येथील कार्य

चेन्नईच्या अड्यार भागातील कॅन्सर इन्स्टिट्यूट ही संस्था डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ साली सुरू झाली. प्रारंभी तेथे अवघ्या १२ खाटा होत्या. पुढील वर्षी डॉ. व्ही. शांता तेथे रुजू झाल्या व २०२१ साली निधन होईपर्यंत त्यांनी या संस्थेची सेवा केली.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत लिंफोब्लास्टिक ल्यूकेमिया हा रक्ताचा कर्करोग प्रमुख होय. १९७० नंतरच्या दशकात भारतातील मोठ्या रुग्णालयांतही या रोगातून फार थोडी मुले वाचत. १९८४ पासून अड्यारची संस्था, मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एकच उपचारक्रम स्वीकारला. त्यामुळे व रुग्णांच्या शुश्रूषेत झालेल्या सुधारणांमुळे, उपचारानंतर चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २० हून कमी होते, ते शेकडा ४५ ते ६० पर्यंत वाढले. हे यश मोठे होते. तथापि काही मुले रोगाने नव्हे, तर उपचाराच्या काळात पांढऱ्या पेशी घटून झालेल्या संसर्गाने दगावली. कुपोषणासारखी कारणे त्यामागे होतीच. पण एकच औषध एकास मानवते व दुसऱ्यास का मानवत नाही, हा प्रश्नही शिल्लक होता.

एका अक्षराचा फरक

या रोगावर दीर्घकाळ द्यावयाच्या औषधांपैकी एक म्हणजे मर्कॅप्टोप्युरीन. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेले हे औषध १९५३ पासून वापरात आहे. शरीरात त्याचे रूपांतर डीएनएच्या घटकांसारख्या दिसणाऱ्या पदार्थात होते. खऱ्या नाण्यांत खोटे नाणे मिसळावे, त्याप्रमाणे तो पदार्थ पेशीच्या डीएनएमध्ये शिरतो व पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी अशा रीतीने मरतात. परंतु अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी निर्माण करणाऱ्या पेशींवरही हाच प्रसंग ओढवतो.

हे औषध निष्प्रभ करणारी एन्झाइमे शरीरात असतात. त्यांपैकी टीपीएमटी या एन्झाइमाची कार्यशक्ती सर्वांत सारखी नसून ती आनुवंशिक असते, असे रिचर्ड वाइनशिल्बम यांनी १९८० साली दाखविले. युरोपीय वंशाच्या सुमारे ३०० माणसांत एकाच्या शरीरात ही शक्ती जवळजवळ नसते. त्यावरून मात्रा ठरविण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. आशियातील रोग्यांत मात्र टीपीएमटी उत्तम असूनही पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्याची उदाहरणे आढळत होती.

त्याचा उलगडा २०१४ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी केला. आतड्याच्या विकारावर याच वर्गातील औषध घेणाऱ्या रोग्यांचा अभ्यास करताना त्यांना एनयूडीटी-१५ या जनुकातील एका अक्षराचा बदल आढळला. या जनुकापासून होणारे एन्झाइम खोटी नाणी वेचून बाजूला काढते. अक्षर बदलले की ही राखण ढिली पडते. आई व वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक आलेल्या मुलास नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही पुरेसा होऊ शकतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल विरळ असल्याने तेथील संशोधनास तो दिसला नव्हता. भारतीयांत मात्र शंभरांपैकी दहाच्या आसपास माणसांत त्याची निदान एक प्रत आढळते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत मात्रा ठरविताना दोन्ही जनुके पाहावीत, असे सांगितले आहे.

परदेशातील मोजमापे आपल्या लोकांना जशीच्या तशी लावता येत नाहीत, हा यातील मुख्य बोध होय. ही मोजणी येथील लोकांची व येथील संशोधकांनीच करावयास हवी.

या क्षेत्रातील कामे

जन्मतः लाभलेल्या जनुकांखेरीज कर्करोगाच्या गाठीत नव्याने झालेले बदलही तपासावे लागतात, कारण कोणते औषध गाठीवर चालेल हे पुष्कळदा त्यांवर अवलंबून असते. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२५ साली भारतीय रुग्णांतील अशा बदलांचा संग्रह अभ्यासकांस खुला केला. त्याचा आरंभ स्तनाच्या कर्करोगाच्या ४८० रुग्णांपासून झाला.

असे कार्य एकट्यादुकट्याचे नव्हे. रोग्याची संमती घेऊन नमुना मिळविणारा डॉक्टर, डीएनएचे वाचन करणारा आनुवंशिकीज्ञ, रक्तातील औषधाचे प्रमाण मोजणारा औषधशास्त्रज्ञ, लक्षावधी अक्षरांतून अर्थपूर्ण बदल निवडणारा संगणकतज्ज्ञ आणि हा बदल योगायोगाचा नाही ना, हे पडताळणारा संख्याशास्त्रज्ञ, असे सर्वजण त्यात लागतात. निष्कर्ष कुटुंबास समजावून सांगणाऱ्या आनुवंशिकी-सल्लागाराचे कामही तितकेच आवश्यक असते.

म्हणून या क्षेत्रात शिरण्याच्या वाटाही अनेक आहेत. जीवरसायन, जैवतंत्रज्ञान वा आनुवंशिकी यांत एम.एस्सी. झालेले, औषधनिर्माणशास्त्राचे व वैद्यकाचे पदवीधर, तसेच गणित व संगणक शिकलेले विद्यार्थी येथे येऊ शकतात. विज्ञान शाखांतील विद्यार्थ्यांसाठी सीएसआयआर-यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा असून तीतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. पीएच.डी.ला त्यानंतर साधारणतः पाच वर्षे लागतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास नवी मुंबईतील खारघर येथे टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र जवळच आहे.

या मार्गात कष्टही आहेत. पुष्कळ पदे प्रकल्पापुरती असतात आणि वर्षभर जमविलेल्या नमुन्यांतून काहीच निष्पन्न न होण्याचा प्रसंग येतो. मात्र औषधाची पहिली गोळी देण्यापूर्वीच एखाद्या मुलास ती किती सोसेल हे सांगता आले, तर त्या मुलाच्या जिवावरचा एक धोका टळतो. असे सांगता यावे यासाठी आपल्या देशातील हजारो माणसांच्या जनुकांची चिकाटीने नोंद व्हावयास पाहिजे. त्यांतील फार थोडी नोंद आजवर झाली आहे. उरलेले काम आज शाळेत शिकणाऱ्या पिढीस करावयाचे आहे.