मृगाचा पाऊस आणि क्रीटचं ऊन

जुलैच्या मध्यावर परभणीत आभाळ आठ-आठ दिवस फाकत नाही. सोयाबीनची कोळपणी खोळंबलेली असते आणि शेतकरी वापशाची वाट बघत बांधावर उभा असतो. नेमक्या त्याच दिवसांत पाच हजार किलोमीटरहून दूर, ग्रीसच्या क्रीट बेटावर आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथं जवळजवळ पाऊसच पडत नाही. या दोन आभाळांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण तो आहे. क्रीटवरच्या त्या कोरड्या, निळ्या आभाळामागचं एक मोठं कारण म्हणजे आपल्याकडचा पावसाळा!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणताना आपण थेट जर्मनीला पोचलो आणि वाटेतला भूमध्य समुद्र ओलांडून गेलो. आता मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन ग्रीस, इटली, स्पेनला जाण्याच्या गोष्टी परभणीतही कानावर येतात. ठिकाण निवडायचं म्हटलं की लोक आधी पॅकेजचे दर बघतात, नाहीतर निळ्या घुमटांचे फोटो. माझं मत विचाराल तर आधी मृगाची तारीख बघावी. का, ते सांगतो.

वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, हे शाळेत 'अप्रकट उष्मा' या नावाखाली शिकलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं. थोडा हिशोब करू. एक एकरावर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 40 हजार लिटर पाणी. एवढी वाफ ढगात साकळताना जी उष्णता सुटते ती विजेच्या भाषेत साधारण 28 हजार युनिट भरते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला ती वीस वर्षांहून जास्त पुरेल. एक एकर, एक सेंटिमीटर, एवढ्याशा पावसाची ही गोष्ट. आता बंगालच्या उपसागरापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत चार महिने कोसळणारा पाऊस डोळ्यांसमोर आणा. जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या वातावरणातली एक प्रचंड भट्टी तिथं पेटलेली असते.

या भट्टीवरून हवा वर जाते. वर गेलेली हवा कुठंतरी खाली उतरणारच. ती कुठं उतरते, याचं उत्तर 1996 साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी मांडलं. त्यांनी संगणकातल्या वातावरणात मान्सूनच्या जागी उष्णता पेटवून पाहिली. त्या उष्णतेनं वातावरणात एक अवाढव्य लहर उठली आणि ती पश्चिमेकडं सरकत गेली. उत्तरेकडच्या पश्चिमी वाऱ्यांशी तिची गाठ पडली तिथं हवा खाली घसरू लागली. ती जागा होती पूर्व भूमध्य समुद्र आणि त्याला लागून असलेलं सहाराचं वाळवंट. खाली येणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी तापते आणि तिच्यात ढग धरत नाही. आभाळ निरभ्र राहतं, जमीन आणखी कोरडी होते.

या प्रयोगातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा. त्यांनी ती उष्णता दक्षिणेला, दहाव्या अक्षांशाजवळ नेऊन ठेवली, तर भूमध्य समुद्रावरचं हवेचं उतरणं अगदी क्षीण झालं. पंचविसाव्या अक्षांशाजवळ आणली की ते जोरात सुरू झालं. पाऊस केरळात असेपर्यंत भूमध्य समुद्राला त्याची फारशी खबर नसते. तो महाराष्ट्र ओलांडून उत्तरेत पसरला की तिकडचा कडक उन्हाळा रंगात येतो. एकट्या परभणीच्या पावसाचं हे काम नाही, हे उघड आहे, आणि तिकडचे डोंगर, तिकडचं पाणी यांचाही त्यात वाटा आहे. तरी या भट्टीत आपलेही ढग जळतात, हे कळल्यावर माझं पावसाकडं बघणंच बदललं.

उलटी देवघेवही आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात पूर्वेला सरकत भारतापर्यंत येतात. उत्तरेत ते गव्हाला पाऊस देतात. आपल्याकडं त्यांची आठवण काढली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, कारण 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपणाऱ्या गारपिटीत अशा वाऱ्यांचाही हात होता.

हे सगळं ठिकाण निवडायला कसं उपयोगी पडतं? एक गंमत बघा. मे महिन्यात परभणीचा पारा 42 च्या आसपास असतो आणि अथेन्सचा 25-26 च्या. जुलैत परभणीचं कमाल तापमान 31-32 वर उतरतं आणि अथेन्सचं 33-34 वर चढतं. म्हणजे ज्याला उन्हापासून पळायचं आहे त्यानं जुलै-ऑगस्टमध्ये तिकडं जाणं म्हणजे पैसे देऊन ऊन विकत घेणं. 11 ऑगस्ट 2021 रोजी इटलीच्या सिसिली बेटावर सिराक्यूजजवळ 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं. युरोपातला तो आजवरचा विक्रम. जुलै 2023 मधल्या उष्णतेच्या लाटेत अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी पर्यटकांना बंद ठेवावं लागलं होतं.

त्याच दिवसांत ग्रीसच्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून जोराचा कोरडा वारा सुटतो. ग्रीक लोक त्याला मेल्तेमी म्हणतात, जुने ग्रंथ एटेशियन म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये तो असा खवळतो की बेटांमधल्या बोटी रद्द होतात. लहान मुलांसह एखाद्या बेटावर अडकून पडायचं नसेल तर हा वारा लक्षात ठेवावा. त्याचा दोरही आपल्याच बाजूला बांधलेला आहे: मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा पाकिस्तान-इराणवरून थेट सायप्रसच्या दिशेनं लांबतो आणि बाल्कनमधल्या जास्त दाबाकडची हवा तिकडं धावते.

सुदैवानं आपल्या शाळांची सुट्टी मेमध्ये येते. तोवर ती भट्टी पेटलेली नसते आणि हिवाळ्यातल्या पावसावर तिकडचे डोंगर अजून हिरवे असतात. मे-जूनमध्ये शेतात गहू कापणीला आलेला दिसतो. परभणीच्या शेतकऱ्याला ते शिवार बघून परकं वाटणार नाही, कारण आपल्या रब्बीतला गहू आणि हरभरा मूळचे त्याच बाजूचे. हरभऱ्याला पहिल्यांदा माणसाळवलं ते आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात. तिकडं हिवाळा हाच पेरणीचा हंगाम. आपण त्यांचा हंगाम पिकासकट उचलला आणि आपल्या खरिपाला जोडला.

मेमधली एकच अडचण म्हणजे पाणी गार असतं. समुद्र तापायला ऑगस्ट उजाडतो. फ्रान्सच्या किनाऱ्यावर मे महिन्यात पाणी 16 अंशांच्या आसपास, क्रीटला 19-20. सायप्रसला आणखी एखाद्या अंशाची ऊब. जेवढं पूर्वेला जाल तेवढं बरं. मुलांना खरोखर डुंबायचंच असेल तर दिवाळीच्या सुट्टीचा विचार करावा, कारण उन्हाळाभर साठवलेली उष्णता क्रीट-सायप्रसचा समुद्र ऑक्टोबरअखेरपर्यंत धरून ठेवतो.

मेमध्ये क्रीटला माझं पहिलं मत. तिथं क्नोसोसचा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा आहे आणि मागं बर्फ उतरत चाललेले डोंगर. समुद्रात पाय बुडवावेत आणि बाकी वेळ हिंडावं. खाण्याची चिंता करू नये. ग्रीसमध्ये फावा नावाचा पदार्थ मिळतो, तो म्हणजे आपलं घट्ट वरणच, फक्त वर तुपाऐवजी ऑलिव्हचं तेल आणि चिरलेला कांदा.

पण घरात इतिहासाची आवड असलेलं एखादं मूल असेल तर नेपल्स गाठावं. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात वीतभराहून थोडी मोठी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन सेविका. ती 1938 मध्ये पोम्पेईत सापडली, पण घडलेली आहे भारतात. तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे. तिच्याशी जुळणारं काम आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला सापडलं, त्यामुळं ती मराठवाड्यातच घडली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. (संग्रहालयाच्या ज्या 'गुप्त दालना'त ती आहे तिथं प्राचीन रोमनांची शृंगारिक कला भरली आहे. मुलांना पुढं धाडू नये, बरोबर राहावं.)

ती तिथवर गेली कशी? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असं लिहिलेलं आहे. पैठणहून खाली येणारी गोदावरी पुढं पाथरी, सोनपेठ, गंगाखेड असं करत परभणी जिल्ह्यातून वाहते. हा सगळा मुलूख त्या व्यापाराच्या अंगणातला. भडोचहून माल जहाजांवर चढायचा. रोमन लेखक थोरला प्लिनी उलट बाजूची वाट सांगतो: अलेक्झांड्रियाजवळून नाईल नदीतून वर कॉप्टॉसपर्यंत एटेशियन वाऱ्याच्या जोरावर बारा दिवस, मग वाळवंट आणि तांबडा समुद्र, आणि पुढं मान्सूनच्या वाऱ्यावर भारत. प्रवासाचे दोन टप्पे दोन वेगळ्या वाऱ्यांवर व्हायचे, आणि त्या दोन्ही वाऱ्यांचं मूळ एकाच पावसाळ्यात आहे हे त्या बिचाऱ्याला माहीत असायचं कारण नव्हतं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा पोम्पेईतली ती मूर्ती राखेखाली गेली आणि प्लिनीही त्याच उद्रेकात, पलीकडच्या किनाऱ्यावर मरण पावला.

आता कामाचं. ग्रीस आणि इटली दोन्ही शेंगेन व्हिसात येतात, सायप्रसचे नियम वेगळे, ते आधी तपासावेत. शेंगेनचं शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि बोटांचे ठसे द्यायला मोठ्यांना स्वतः जावं लागतं. मे महिन्यासाठी हरभऱ्याची पेरणी उरकली की लगेच कागद जमवायला घ्यावेत आणि रेल्वेचं आरक्षण खुलं होताच मुंबईसाठी देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढून टाकावं. ऐनवेळी ते मिळत नाही.