कलकत्त्याचे बिशप आणि बडोद्याची सोयरीक

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. तिचं घर अकोट्यात. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "पोरीनं मुलगा पसंत केलाय. गुजराती आहे आणि ख्रिस्ती आहे. तू ये. तुला दोन भाषांच्या घराची सवय आहे, तूच काय ते बघ."

सवय आहे हे खरं. मी मराठी माहेरातून कानडी सासरी आले. सुरुवातीला सासूबाई "ऊटा आतेन?" विचारायच्या आणि मी जेवलेली असो वा नसो, हसून मान डोलवायची. कित्येकदा उपाशी राहिले! पण भाषा शिकता येते. धर्माचं काय करायचं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

अकोट्याला पोचले तर अक्काचा चेहरा उतरलेला. भाची दार लावून बसलेली. भाऊजी पेपरात तोंड घालून. दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी आम्हाला फतेगंजला, त्यांच्या चर्चमध्ये बोलावलं. अक्का आली नाही. मी आणि भाची गेलो. ते गृहस्थ निवृत्त शिक्षक. बोलता बोलता म्हणाले, "या चर्चचा समर्पणविधी १८२५ साली बिशप हीबर यांनी केला." हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मला हीबरची प्रवासाची रोजनिशी वाचायला दिली आणि पुढचे आठ दिवस मी तिच्यातच रमले.

रेजिनाल्ड हीबर यांचा जन्म १७८३ सालचा, इंग्लंडमधल्या चेशायरचा. ऑक्सफर्डला शिकले, कवितेचं बक्षीस मिळवलं आणि हॉडनेट या खेड्यात धर्मगुरू होऊन राहिले. त्यांनी लिहिलेली स्तोत्रं आजही जगभरच्या चर्चमध्ये गातात. १८२३ मध्ये ते कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप म्हणून आले. त्या वेळी कंपनीच्या ताब्यातला सगळा मुलूख आणि शिवाय सिलोन या एकाच बिशपकडे होतं. आपलं बेळगावही त्यातच आलं. मुंबईला वेगळा बिशप मिळाला तो थेट १८३७ मध्ये.

एवढा पसारा कलकत्त्यात बसून सांभाळता येणार नाही, हे त्यांनी ओळखलं. जहाजावरच हिंदुस्थानी शिकायला घेतली होती. जून १८२४ मध्ये नावेनं गंगेतून निघाले. ढाक्यापर्यंत जातात तोच बरोबरचे जिवलग मित्र स्टो आजारी पडून वारले. तरी पुढे गेले. काशी, लखनौ, दिल्ली, आग्रा, जयपूर करत, कधी घोड्यावर, कधी तंबूत राहत, ते मार्च १८२५ मध्ये बडोद्याला पोचले. तेव्हा गादीवर दुसरे सयाजीराव गायकवाड होते.

पण मी अडखळले ती त्यांच्या एका जुन्या स्तोत्रापाशी. १८१९ साली, भारताचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा, त्यांनी एक स्तोत्र रचलं होतं. पूर्वेकडचा निसर्ग सुंदर, माणूस मात्र हीन, अशा अर्थाच्या ओळी त्यात आहेत. १९२५ साली कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी याच ओळींचा उल्लेख केला होता. त्या आपल्याला कायम बोचत आल्या, त्या लिहिल्या गेल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले होते. मलाही त्या बोचल्या. वाटलं, अक्काची भीती काही अगदीच खोटी नाही. आपल्या माणसांना कुणी हीन म्हणावं आणि आपली पोर त्याच घरात जावी?

मग रोजनिशीतलं बडोद्यानंतरचं पान आलं. बडोद्याहून खेड्याकडे जाताना नडियादला हीबर यांची भेट सहजानंद स्वामींशी, म्हणजे स्वामीनारायण संप्रदायाच्या संस्थापकांशी झाली. तारीख २६ मार्च १८२५. स्वामींबरोबर दोनशेच्या आसपास हत्यारबंद घोडेस्वार. बिशपसाहेबांबरोबर पन्नासेक स्वार आणि तेवढेच बंदूकवाले शिपाई. धर्माचं बोलायला दोन धर्मगुरू भेटतात आणि गावात ढालीतलवारींचा खणखणाट! हीबर लिहितात की हे पाहून त्यांना हसू आवरेना.

त्यापुढे जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. लढाई झालीच असती तर माझी तुकडी जिंकली असती, पण मोठेपणा स्वामींच्याच तुकडीचा, अशा अर्थाचं ते लिहितात. कारण त्यांची माणसं प्रेमापोटी आलेली. माझे शिपाई मला ओळखतही नाहीत आणि त्यांना माझी काही पर्वाही नाही.

बिशपांची मतं बदलली असं मात्र नाही. मूर्तिपूजा त्यांना शेवटपर्यंत पटली नाही, आणि स्वामीही आपल्या जागी ठाम राहिले. पण समोरच्या धर्माच्या माणसात आपल्यापेक्षा जास्त काही दिसलं, तर ते त्यांनी लपवलं नाही. वहीत लिहून ठेवलं. घरी बसून माणसाला हीन म्हणणारे हीबर आणि नडियादला हसणारे हीबर, यांच्यात सहा वर्षांचं अंतर आहे आणि नऊ महिन्यांची पायपीट आहे.

पुढे ते मुंबईला आले. पुण्याच्या सेंट मेरी चर्चचा समर्पणविधीही त्यांचाच. ३ एप्रिल १८२६ रोजी तिरुचिरापल्लीला सकाळी तमिळ ख्रिस्ती लोकांना त्यांच्याच भाषेत आशीर्वाद दिला आणि उन्हातून परतल्यावर गार पाण्याच्या हौदात उतरले, ते गेलेच. वय अवघं बेचाळीस. रोजनिशी पत्नी अमेलिया यांनी १८२८ मध्ये छापून आणली.

शेवटच्या रविवारी मुलाकडची मंडळी अकोट्याला आली. त्यांच्याकडचे चौदा, आमच्याकडचे अकरा. दिवाणखान्यात दोन्ही बाजू समोरासमोर, कुणी बोलेना. मला एकदम नडियाद आठवलं. मी ती गोष्ट मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितली. मुलाची आजी खुदकन हसली आणि म्हणाली, "अमारी फौज मोटी छे!" मग भाऊजी हसले. अक्का उठून चहा टाकायला गेली. आजी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात.

मुलाच्या वडिलांनी स्वतःहून विषय काढला. पोरीनं धर्म बदलावा असं आमच्या मनातही नाही, म्हणाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं दोघांना आपापल्या धर्मात राहून लग्न करता येतं. तीस दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार आणायचे, झालं.

अक्कानं त्या दिवशी होकार दिला नाही. पण पाहुणे निघताना आजींच्या हातात तिळाच्या वड्यांचा डबा दिला. महिन्याभरानं फोन आला. "साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय. ये."

मी येते म्हटलं. आणि विचारलं, "गुजराती शिकतेयस का?"

"आजी शिकवतात," अक्का म्हणाली. "मी त्यांना मराठी शिकवते."