आघाडा की चिरचिटा? पानापानाची नोंद ठेवणारं कपाट आता मोबाइलवर

श्रावणातल्या मंगळवारी तुम्ही काशीत असाल, तर पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मंगला गौरीच्या देवळात नक्की जा. या घाटाच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. आता समजा, तुमच्या घरी नव्या सुनेची मंगळागौर आहे आणि सोळा प्रकारची पत्री हवी आहे. फुलवाल्याकडे तुम्ही आघाडा मागितलात, तर तो नुसता बघत राहील. ‘चिरचिटा’ किंवा ‘लटजीरा’ म्हणालात, की त्याला लगेच कळेल. आपल्या दूर्वा इथे दूब होतात आणि माक्याला भंगरैया म्हणतात.

इतकंच कशाला, श्रावणसुद्धा एक नाही! उत्तरेत पौर्णिमेनंतर नवा महिना धरतात, त्यामुळे इथला श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो.

झाड तेच, पण नावं वेगळी. कधी याच्या उलटही होतं. दसऱ्याला ‘आपटा’ म्हणून कांचनाची पानं सर्रास विकली जातात. दोन्ही पानं मधे दुभंगलेली, म्हणून आपण फसतो. पूजेत एखादं पान चुकलं तर देवी रागावणार नाही. पण औषधासाठी चुकीचं पान घेतलं, तर ते जिवावर बेतू शकतं. मग एखादं झाड नक्की कोणतं, हे ठरवायचं कसं?

वाळलेल्या पानांचं दप्तर

त्यासाठी वनस्पतिशास्त्राकडे एक जुनी आणि साधी पद्धत आहे, ती म्हणजे हर्बेरियम. पानं, फुलं आणि जमल्यास फळांसकट फांदी घ्यायची, कागदांत दाबून वाळवायची आणि जाड कागदावर चिकटवायची. कोपऱ्यात एक चिठ्ठी लावायची. तिच्यावर शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. नीट जपला, तर असा कागद शंभर-दोनशे वर्षं टिकतो. कुणाला शंका आली, तर तो मूळ नमुनाच पुन्हा काढून पाहू शकतो.

असे संग्रह आपल्याकडे भरपूर आहेत. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाची स्थापना १८९० ची, आणि हावड्याच्या त्यांच्या मध्यवर्ती संग्रहात सुमारे २० लाख नमुने आहेत. याच संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. पुण्यातच मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव लावणाऱ्या संशोधन संस्थेचाही संग्रह आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. इथे काशीत बनारस हिंदू विद्यापीठातही असा संग्रह आहे. इंग्रजांच्या काळात गोळा केलेले कितीतरी नमुने तर लंडनच्या क्यू उद्यानात जाऊन बसले.

अडचण इथेच होती. एका झाडाचा अभ्यास करायचा, तर पुणे, मुंबई, हावडा करत फिरायचं, नाहीतर विलायत गाठायची. गावाकडच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे कसं परवडावं? त्यातून कपाटात वाळवी किंवा किडे शिरले, पावसाळ्यात ओल आली, तर शंभर वर्षांपूर्वीचा नमुना कायमचा गेला. तो दिवस आणि त्या जागेचं ते झाड पुन्हा आणता येत नाही.

सगळ्यांचं मिळून एक कपाट

म्हणून आता हे कागद स्कॅन करून एकत्र आणले जात आहेत. २०२२ मध्ये भारतीय वनस्पति सर्वेक्षणाने ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ सर्वांसाठी खुलं केलं. सुरुवातीलाच त्यात सुमारे एक लाख नमुन्यांची छायाचित्रं होती. जगभरातल्या नोंदी एकत्र करणारी जीबीआयएफ ही व्यवस्था २००१ पासून काम करते आहे.

नुसतं स्कॅन केलं, की झालं असं मात्र नाही. खरं कष्टाचं काम चिठ्ठी वाचण्याचं. एका चिठ्ठीवर ‘पूना’ असतं, दुसरीवर ‘पुणे’. कुठे ‘बनारस’, तर कुठे ‘वाराणसी’. संगणकाला ही वेगळी गावं वाटतात. शास्त्रीय नावंही बदलतात. शमीला जुने अभ्यासक ‘प्रोसोपिस स्पायसिजेरा’ लिहायचे, आज ती ‘प्रोसोपिस सिनेरारिया’ आहे. ही नावं जोडली नाहीत, तर शोधणाऱ्याला निम्मीच शमी सापडेल. म्हणून नाव, ठिकाण, तारीख सगळ्यांनी एकाच साच्यात भरायची असं ठरलेलं आहे. तारीखही पूर्ण लागते, कारण ‘श्रावणात फुललं’ एवढंच लिहिलं, तर काशीचा श्रावण की पुण्याचा, हे कोण सांगणार?

आणि एक काळजी घ्यावी लागते. शिंदळ माकडी, म्हणजे ‘फ्रेरिया इंडिका’, महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरकड्यांवरच वाढते. अशा झाडाची अचूक जागा जाहीर केली, तर हौशी लोक ते उपटून नेतील. त्यामुळे दुर्मीळ झाडांचं ठिकाण मुद्दाम ढोबळ दाखवण्याची पद्धत आहे.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या घरात कुणी वनस्पतिशास्त्र शिकलं असेल, तर माळ्यावर सबमिशनची फाइल असेलच. रद्दीत देण्याआधी चिठ्ठ्या बघा. गाव आणि तारीख लिहिलेली असेल, तर जवळच्या महाविद्यालयाला एकदा विचारा.

मुलांसोबत घरीही करून बघा. अंगणातल्या आघाड्याचा एक तुरा वर्तमानपत्रात ठेवा, वर जाड पुस्तकं रचा आणि रोज कागद बदला. आठ-दहा दिवसांत तो वाळतो. चिठ्ठी लिहायला विसरू नका. जंगलातली अनोळखी झाडं मात्र तोडू नका. त्यांचा फक्त फोटो काढा आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर टाका. जाणकार नाव सुचवतात आणि तुमची नोंद सगळ्यांच्या कामी येते.

आणि या मंगळागौरीला आजीला प्रत्येक पानाचं नाव विचारून वहीत लिहून घ्या. तिच्या गावात त्याला काय म्हणत, ते कुठे मिळे, कधी फुले, हेही विचारा. पुस्तकात नसलेली किती तरी नावं तिला पाठ असतील. ती आत्ता लिहून घेतली नाहीत, तर उद्या कुठल्याच कपाटात सापडणार नाहीत.